आलेल्यांचा आणि असलेल्यांचा हिशेब

चि. पोरीस,


मुलचेरा तालुक्यात तुझी नेमणूक झाली, साजा मिळाला, हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. तुझ्या आईने तर देवाजवळ साखर ठेवली. कागदावर तुझ्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी असलं तरी गावकरी तुला तलाठीबाईच म्हणणार, आणि सातबारा हाती असलेल्या माणसाकडे ते ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने तुझ्याकडेही बघणार. म्हणूनच फोनवर तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, "मामा, इथं चांगली जमीन, मासळी, भाजीबाजार, सगळं बाहेरून आलेल्यांच्या हाती आहे. आपल्या लोकांना काय राहिलं?"

प्रश्न खरा आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन तो मिटवायचा नव्हता. या भागात कृषी सहायक म्हणून बांध तुडवण्यात माझी नोकरी गेली. जे पाहिलं आणि वाचलं ते सविस्तर लिहितो. तुझ्यासारखी पुष्कळ पोरं आज याच प्रश्नाशी अडली आहेत, म्हणून हे पत्र त्यांनीही वाचावं.

आधी ते आले कसे, ते सांगतो. तुझ्या तालुक्यातल्या सुंदरनगर, विवेकानंदपूर या गावांची नावं गोंडी नाहीत, तेलुगू नाहीत आणि झाडीपट्टीचीही नाहीत; ती बंगाली निर्वासितांची गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हिंदू कुटुंबं लाटेलाटेने भारतात येत राहिली. १९६४च्या आरंभी खुलना, ढाका, नारायणगंजकडे दंगली उसळल्या आणि लोंढा वाढला. त्यात नमःशूद्र समाजाचे गरीब शेतकरी आणि मच्छीमार फार होते. कलकत्त्यात जागा नव्हती. केंद्र सरकारने १९५८ सालीच दंडकारण्य प्रकल्प उभा केला होता. रायपूरजवळच्या माना छावणीत माणसं उतरवायची आणि तिथून बस्तर, कोरापूटच्या जंगलांत पाठवायची, असा तो कारभार. त्याच काळात काही कुटुंबं आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही वसवली गेली. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो पुढे, २६ ऑगस्ट १९८२ला. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प तू कितीदा ओलांडला असशील. ते नावही त्याच दिवसांची खूण आहे.

नदीनाल्यांच्या सपाट मुलखातली ही माणसं साग-बांबूच्या रानात आणून सोडली, तेव्हा त्यांना हे रान हवं होतं असं समजू नकोस. दंडकारण्यातले हजारो निर्वासित १९७८ साली सगळं सोडून सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर गेले. पुढच्या वर्षी पश्चिम बंगाल सरकारने त्यांना तिथून बळाने हुसकावलं. आपल्याकडे जे टिकले, त्यांना परतीची वाट नव्हती म्हणून टिकले.

टिकायचं म्हणून त्यांनी काय केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. घरामागे आधी खड्डा खणायचा. मातीने घराचा ओटा उंच करायचा आणि खड्ड्यात पावसाचं पाणी धरायचं. त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडायचे, काठावर केळी आणि शेवगा, मांडवावर दुधी आणि कारली. आपल्याकडे बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, होती, पण ती धानाला शेवटचं पाणी देण्यासाठी. बोडीतला मासा म्हणजे येईल तो. मासा पेरायचा असतो, ही गोष्ट या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बंगाली गावांत पाहिली. मत्स्यबीज विकणारा माणूस कावडीला ॲल्युमिनियमच्या हंड्या लावून यायचा. चालताना हंडी हिंदकळत राहायची. कुठे थांबला की लगेच हात घालून तळव्याने पाणी थापटायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात." हवा खेळवायचं यंत्र घ्यायला पैसा नव्हता, तिथे त्याचा हातच ते काम करत होता. त्या हंडीतलं बीज आमच्या बोड्यांत पडलं आणि भातावरच भिस्त असलेल्या घरांना पैसा मिळण्याचा दुसरा महिना सापडला.

आता याचं अर्थशास्त्र बघ. "ते आले म्हणजे आपलं कमी झालं" हे म्हणणं काम, बाजार आणि पैसा यांचं माप ठरलेलं आहे असं धरून चालतं. आलेला माणूस हात घेऊन येतो तसं पोटही घेऊन येतो. त्याला मीठ, कापड, लोखंड, सायकल, शाळा, डॉक्टर सगळं लागतं. चामोर्शी, आष्टी, घोटच्या दुकानांत ही गिऱ्हाइकी वाढली, बाजार भरू लागले, एस.टी.च्या फेऱ्यांना माणसं मिळाली. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती आणि दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. त्याच वेळी महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. इतक्या विरळ मुलखात माणूस हीच दुर्मीळ गोष्ट असते. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान नाही, दुकान नाही म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून माल पडून राहतो. माणसं वाढली की ही साखळी कुठेतरी तुटते.

दूरदेशीचा एक दाखला देतो. १९८० साली क्युबातून मारिएल बंदरावरून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत उतरली. त्यातली पुष्कळ मायामी शहरात राहिली आणि तिथल्या कामकऱ्यांची संख्या एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. मजुरी कोसळेल अशी सगळ्यांची भीती. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९०मध्ये आकडे तपासले, तर तिथल्या लोकांच्या मजुरीवर किंवा रोजगारावर म्हणावा असा परिणाम त्याला दिसला नाही. २०२१ला त्याला नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हाही अभ्यास होता. पुढे जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने तेच आकडे फोडून पाहिले. त्याचं म्हणणं असं की, शाळाही पुरी न केलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरली. हा वाद अजून चालू आहे. बोर्हास स्वतः क्युबातून लहानपणी आलेला, हेही ध्यानात ठेव. मला या दोघांच्या भांडणातून एक गोष्ट पक्की मिळते. शहर सगळं मिळून बुडालं असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. प्रश्न उरतो तो सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाचा.

आणि आपल्याकडची खालची पायरी कोणती, हे तुला मी सांगायला नको. ज्या रानात निर्वासितांसाठी पट्टे आखले गेले ते रान रिकामं नव्हतं. तिथे माडिया आणि गोंड आदिवासी होते. त्यांची गुरं तिथे चरत, मोह, चारोळी, तेंदू तिथूनच येई. सरकारी नकाशावर मात्र ते 'वन' होतं, आणि वन म्हणजे सरकारचं. माडियाकडे कागद नव्हता, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही, आणि मोबदला द्यायचा प्रश्नच आला नाही. जिल्ह्याला दुकानं मिळाली, निर्वासिताला जमीन मिळाली, सरकारची अडचण सुटली. त्या चरईचा आणि मोहाच्या झाडांचा तोटा मात्र ज्या घरात गेला, त्या घराचं नाव कुठल्याच वहीत लिहिलं गेलं नाही. ढिवर समाजाचंही काही अंशी असंच झालं. पिढ्यान् पिढ्या तलावांवर जगणारा हा समाज. बाजारात पाळलेला मासा आला, भाव बदलले, लिलावात पैसेवाले उतरले. ज्या ढिवर संस्थांनी बीज सोडायला सुरुवात केली त्या सावरल्या, बाकीच्या मागे पडल्या.

तुझ्या बोलण्यात जी चीड होती तिची मुळं इथे आहेत, आणि या ठिकाणी ती रास्त आहे. फक्त ती कुणावर काढायची, एवढं नीट बघ. निर्वासिताने माडियाची जमीन हिसकावली नाही. दोघांनाही न विचारता तिसऱ्याने आखणी केली. आणि ज्यांच्या हाती 'सगळं आहे' असं तू म्हणतेस त्यांचे सातबारे काढून बघ. या जमिनी वर्षानुवर्षं भोगवटादार वर्ग-२ म्हणून राहिल्या. परवानगीशिवाय विकता येत नव्हत्या, बँक तारण घ्यायला कचरायची. मूळ पट्ट्याच्या तीन पिढ्यांत वाटण्या झाल्या आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्रात त्यांना ती सवलत नाही. म्हणून शिष्यवृत्ती अडते, आणि पोरं बारावीनंतर हैदराबादला कामाला जातात.

आता थोडं मागे जाऊ. तुझं आजोळ ज्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवतं, तो तलाव कुणी बांधला? पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव सहा हजारांच्या वर आहेत, आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. या कोहळ्यांना गोंड राजाने काशीकडून आणलं, अशी परंपरा सांगतात. चांद्याच्या हीरशहा राजाने म्हणे फर्मान काढलं होतं की, जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. दंतकथेचा भाग वजा केला तरी राज्याची नीती कळते. आलेल्याला काम दिलं, कामाच्या मापाने हक्क दिला, आणि मुलखाला कायमचं पाणी मिळालं. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीडकडचा धान आजही त्या सौद्यावर उभा आहे. पुढे बल्लारपूरला कोळसा निघाला, कागद कारखाना आला आणि तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी माणसं आली. बल्लारपूरला लोक 'मिनी इंडिया' म्हणतात ते उगाच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातून हे सगळे आलेले वजा केले, तर वीज, कोळसा, सिमेंट, कागद यांतलं काय उरेल, तूच बघ.

आलेले सगळे सारखे असंही मी म्हणणार नाही. एक काळ असा होता की, व्यापारी पायलीभर मीठ देऊन तेवढीच चारोळी घेऊन जात. चारोळी शहरात कुठल्या भावाने विकते ते आदिवासी बाईला ठाऊक नव्हतं. असा माणूसही बाहेरचाच, पण त्याची कमाई इथे थांबत नव्हती. जो इथे घर बांधतो, पोरं इथल्या शाळेत घालतो, कमावलेला पैसा इथल्याच बाजारात मोडतो, त्याच्यामुळे मुलूख वाढतो. जो माल उचलून निघून जातो, त्याच्यामुळे मुलूख रिकामा होतो. मोजायचं असेल तर हे मोज. भाषा मोजून काही हाती लागणार नाही.

आणि आपण? फेब्रुवारी उजाडला की सावली, मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी, चामोर्शीकडच्या गावांतून गाड्या भरभरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. खम्मम, वरंगलकडे शेतात झोपड्या टाकून राहतात. बायकांच्या बोटांची आग रात्रभर जात नाही. परत येताना थोडा पैसा आणि वर्षाचं तिखट घेऊन येतात. त्या पैशातून इकडे खत येतं, पोरीचं लग्न होतं, सावकाराचं फिटतं. तिकडच्या गावात आपणच 'बाहेरचे'. तिकडच्या मजुराला वाटत असेलच की, महाराष्ट्रवाले कमी दराने येऊन भाव पाडतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हीच आपली माणसं तिकडे अडकली. कितीजण चालत निघाले, नद्या ओलांडून आले. मिरची झाडावर लाल होऊन वाळत होती तोवर ही माणसं हवी होती, बाजार बंद पडला आणि ती कुणाचीच नव्हती. ज्या देशाला, ज्या जिल्ह्याला माणसाचे फक्त हात हवे असतात आणि माणूस नको असतो, तो कसा वागतो, हे आपल्या लोकांनी अंगावर सोसलं आहे. मुलचेऱ्यात बसून तू तसं वागू नयेस, एवढंच माझं मागणं आहे.

बाहेरच्यांना बंदी केली तर इथल्यांची मजुरी वाढेल, हाही प्रयोग जगात झालेला आहे. १९४२पासून मेक्सिकोचे शेतमजूर करारावर अमेरिकेत जात, त्याला 'ब्रासेरो' योजना म्हणत. भरात असताना वर्षाला चार लाखांवर माणसं जात. १९६४च्या अखेरीस ती योजना बंद केली, का तर अमेरिकन मजुरांचे दर वाढावेत. नंतरच्या अभ्यासात दिसलं की, दर त्यामुळे वाढले नाहीत. मालकांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली, आणि ज्या पिकांना यंत्र नव्हतं ती पिकं कमी केली. हे वाचलं तेव्हा मला आपल्याच बांध्या आठवल्या. धान कापायला बायका मिळत नाहीत म्हटल्यावर पंजाब-हरियाणाकडून हार्वेस्टर येतात आणि एका दिवसात शिवार मोकळं करून जातात. मजूर आटला म्हणजे उरलेल्याचा भाव वाढतोच असं नाही. कधी कामच उठून जातं.

मग करायचं काय? माझं उत्तर एका वाक्याचं आहे. आलेल्याला हाकलून असलेल्याचं भलं होत नाही, असलेल्याच्या हातात कागद दिल्याने होतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघ. वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तोवर त्याच बांबूचा नफा बाहेर जात होता. हक्क आला आणि ग्रामसभा स्वतः विक्रेता झाली. बाहेरचा व्यापारी अजूनही येतो, फक्त आता त्याला ग्रामसभेच्या भावाने घ्यावं लागतं. मुलचेऱ्यातल्या माडिया आणि गोंड गावांचे वनहक्काचे दावे कुठे अडले आहेत ते पहिल्या महिन्यात शोध. साठ वर्षांपूर्वी जो तोटा वहीत चढला नाही, तो चढवण्याची हीच जागा आहे.

त्याच कायद्यातली दुसरी बाजूही तुझ्या टेबलावर येईल. आदिवासी नसलेल्या माणसाला वनहक्क मागायचा तर १३ डिसेंबर २००५पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचा पुरावा लागतो. १९६४ नंतर आणलेल्या कुटुंबाला तो कुठून मिळणार? सरकारनेच आणून सोडलं आणि सरकारच्याच अटीत ते बसत नाही. ही गाठ तुझ्या हाताने सुटणार नाही, पण ज्याच्या नावावर जे रीतसर आहे त्याची नोंद वेळेवर घेणं, वाटणीचा फेरफार न अडवणं, दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला फेऱ्या न मारायला लावणं, हे तुझ्या हाती आहे. गरीब माणसाची निम्मी आर्थिक उन्नती ही वेळेवर मिळालेल्या कागदात असते. हे मी नोकरीभर पाहिलं.

आणि हा प्रश्न आता नव्याने मोठा होणार आहे. सुरजागडच्या लोहखनिजामुळे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीच्या प्रकल्पामुळे जिल्ह्यात पुन्हा माणसं येत आहेत. चालक, वेल्डर, अभियंते, ठेकेदार, हॉटेलवाले येतील. आपली पोरं 'स्थानिकांना नोकरी' म्हणून रस्त्यावर बसतील, आणि ती मागणी रास्त आहे. फक्त 'स्थानिक' म्हणजे कोण, याचं उत्तर आडनाव बघून देऊ नकोस. अधिवासाच्या दाखल्याला राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. त्या मापाने सुंदरनगरात जन्मलेली नमःशूद्राची नात जितकी स्थानिक, तितकीच एटापल्लीची माडिया पोरगी. दोघींना आयटीआयमध्ये जागा आणि वसतिगृह मिळालं तर नोकरीसाठी त्या एकमेकींच्या आड येणार नाहीत. मिळालं नाही तर दोघीही मिरची तोडायला जातील आणि खाणीतली कामं तिसराच करेल.

म्हणून पोरी, ज्या दिवशी कुणी तुझ्यासमोर खुर्चीत बसून "हे बाहेरचे" असं म्हणेल, त्या दिवशी त्याला विचार की, नेमकं कुणाचं काय गेलं आणि कुणाला काय मिळालं? गाव, गट नंबर आणि वर्ष सांग. ज्याचं खरोखर गेलं असेल त्याचा अर्ज तिथल्या तिथे लिहून घे, आणि तडीस ने. ज्याचं काही गेलं नाही, नुसता राग आहे, त्याला चहा पाज आणि कोहळ्यांची, मिरचीची गोष्ट सांग. माडियाचा दावा आणि बंगाल्याचा फेरफार एकाच दिवशी, एकाच टेबलावरून, एकाच शाईने निकाली निघाला, तर या तालुक्यात कुणी कुणाचं खाल्लं असं म्हणायला जागा उरणार नाही.

तब्येतीला जप. पावसाळ्यात दिना नदीच्या बाजूने एकटी येत जाऊ नकोस. दिवाळीला ये, तेव्हा यावर तू मला काय ते सांग, मी ऐकेन.

तुझा,
मामा